तुकडी इकडे, बोत तिकडे

श्रीवर्धनच्या जीवना बंदरावर पोचलो तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते आणि लिलाव आटपत आला होता. पायाखाली बर्फाचा चुरा, त्यात मासळीचं पाणी, वर घारींचा घिरट्या घालणारा थवा. आई गाडीतच बसली, काचा वर करून. आम्ही हरिहरेश्वरला कुलदैवताच्या दर्शनाला निघालो होतो आणि देवाच्या वाटेवर मासळीबाजारात थांबणारा मुलगा आपल्याच पोटी कसा आला, हा प्रश्न तिला गेली पन्नास वर्षं पडलेला आहे.

एका मावशीसमोर हाताएवढ्या रुंद, पांढऱ्याशुभ्र तुकड्या मांडलेल्या होत्या. शेजारी डोकं पडलं होतं, माणसाच्या डोक्याहून मोठं.

“घोळ?” मी विचारलं.

“घोळच. बोत काढलाय हिचा, म्हणून या भावात देते. बोतासकट घेशील तर गाडी विकावी लागंल तुला.”

तिने मान आमच्या गाडीकडे वळवली, गाडी नीट निरखली आणि पुढे म्हणाली, “ही नाय पुरायची.”

शेजारच्या दोघी हसल्या. मीही हसलो आणि दोन किलो तुकड्या मोजून घेतल्या. पण बोत म्हटल्यावर मनात जे हललं ते कोकणातलं नव्हतं. ते शांघायमधलं होतं.

बोत म्हणजे माशाच्या पोटातला हवेचा फुगा. त्याच्या जोरावर मासा पाण्यात हव्या त्या खोलीवर तोलून राहतो. घोळ, कोथ, ढोमा ही सगळी एका कुळातली मंडळी आणि या कुळाचा फुगा जाड असतो. फुग्याभोवतीचे स्नायू थरथरवून हे मासे पाण्याखाली ढोलकीसारखा आवाज काढतात. मासा गळाला किंवा जाळ्याला लागला की पोट चिरून हा फुगा आधी अलगद बाहेर काढायचा, त्याला चिकटलेलं रक्त-चरबी धुवायची, ताणून उन्हात वाळवायचा. वाळला की तो पिवळसर, काचेसारखा, शिंगासारखा कडक होतो. मग व्यापारी येतो, वजन होतं आणि माल हाँगकाँगच्या किंवा चीनच्या वाटेला लागतो. नराचा बोत मादीच्या बोताहून जाड, म्हणून भावही चढा. ऑगस्ट २०२१ मध्ये पावसाळी बंदी उठल्यावर पालघरजवळच्या मुरब्याची एक बोट पहिल्याच फेरीत १५७ घोळी घेऊन आली. त्या एक कोटी तेहेतीस लाखांना गेल्या, अशी बातमी तेव्हा देशभर झाली. मांसासाठी एवढे पैसे कोणी मोजत नाही. २०२३ मध्ये महाराष्ट्राने राज्यमासा म्हणून पापलेट निवडला आणि गुजरातने त्याच वर्षी घोळ. आपण चव पाहिली, त्यांनी भाव पाहिला.

आता शांघाय. २०१८ चा नोव्हेंबर. मी पुण्यातल्या एका पंप बनवणाऱ्या कंपनीत खरेदीखात्यात होतो आणि ओतकामाचा माल बघायला गेलो होतो. शेवटच्या रात्री तिथल्या पुरवठादाराने जेवायला नेलं. ह्वांगपू नदीच्या काठाला बंड म्हणतात. तिथे इंग्रजांच्या काळातल्या बँकांच्या आणि विमा कंपन्यांच्या दगडी इमारती एका रांगेत उभ्या आहेत, आपल्या बॅलार्ड इस्टेटच्या थोरल्या बहिणी शोभतील अशा. त्यातल्याच एका इमारतीत, वरच्या मजल्यावर.

चीनमधलं महागडं जेवण हा उघड्यावर करायचा प्रकार नाही, हे मला तिथे कळलं. आपल्याकडे मोठ्या हॉटेलात लोक दिसायला जातात. तिथे लोक नाहीसे होतात. लिफ्टचं दार उघडलं की एक मुलगी वाट दाखवत लांबलचक बोळातून नेते आणि दोन्ही बाजूंना फक्त बंद दारं. प्रत्येक दारामागे एक खोली, एक गोल टेबल, एक पार्टी. अमुक युआनच्या वर बिल झालंच पाहिजे, या अटीवर खोली मिळते. यजमान दाराकडे तोंड करून बसतो आणि मुख्य पाहुणा त्याच्या उजव्या हाताला. मी चुकून यजमानाच्याच खुर्चीकडे निघालो होतो. त्याने इतक्या प्रेमाने दंड धरून मला बाजूला बसवलं की चूक झाली हे मला दुसऱ्या दिवशी विमानात कळलं.

आधी गार पदार्थ आले. शाओशिंगच्या तांदळाच्या दारूत मुरवलेली कोंबडी, गोडसर धुरकट मासा, गव्हाच्या चिकाचे स्पंजासारखे तुकडे. मग एका ताटात कच्चा मासाच आणून दाखवला: सोनेरी पोट, लालसर ओठ, हातभर लांब. पिवळा क्रोकर. हादेखील आपल्या घोळीच्याच कुळातला. यजमानाने मान हलवल्यावर मासा आत गेला आणि अर्ध्या तासाने वाफवून, डोकं माझ्याकडे करून परत आला. वरची बाजू संपली तशी वाढणाऱ्या मुलीने मधला काटा एका चमच्याने उचलून बाजूला ठेवला, पण मासा उलटला नाही. मी चमचा पुढे केला, तर यजमान घाईने “नाही नाही” म्हणाला. किनाऱ्याकडच्या लोकांत ताटातला मासा उलटत नाहीत. मासा उलटला तर समुद्रावर कोणाची तरी होडी उलटते. एवढ्या झुंबरांच्या, गालिचांच्या खोलीत अचानक कोणाचं तरी कोळीवाड्यातलं घर डोकावून गेलं.

तो मासा एवढा महाग का, हीही एक गोष्ट आहे. १९५० च्या दशकात फूच्यान, क्वांगतोंग आणि च्च्यांगच्या किनाऱ्यावर कोळी बोटींवर लाकडाचे ठोकळे बडवून या माशांच्या थव्यांना भोवळ आणत आणि वर तरंगलेले मासे गोळा करत. आवाज काढणाऱ्या माशाचा शेवट आवाजानेच केला. पिल्लासकट सगळं आलं, आणि पुढच्या काही दशकांत समुद्रातला पिवळा क्रोकर जवळजवळ संपला. आज बाजारात दिसतो तो बहुतेक पिंजऱ्यात वाढवलेला. खऱ्या समुद्रातला मोठा मिळाला, तर एका माशाला हजारो युआन मोजणारे लोक आहेत. एकेकाळचं गरिबाचं कालवण असं मेजवानीच्या टेबलावर चढलं.

त्यानंतर ती लाकडी पेटी आली. आत मखमलीवर पिवळट, अर्धपारदर्शक, तळहातापेक्षा मोठा असा एक चिवट तुकडा. मुलीने काहीतरी सांगितलं, यजमानाने फोनवर भाषांतर करून मला दाखवलं: माशाचा फुगा, ह्वाच्याओ, उत्तम प्रतीचा. मग तो स्वतःच्या मोडक्या इंग्रजीत म्हणाला, दक्षिण आशियातला आहे, कदाचित तुमच्या समुद्रातला. पाहुण्याला खूश करायला लोक काय वाटेल ते बोलतात म्हणून मी हसून सोडून दिलं.

कँटनी मेजवानीत चार खजिने मानतात: अबालोन, समुद्रकाकडी, शार्कचे पर आणि हा फुगा. चौघांतही गंमत अशी की मुळात कोणालाच फारशी चव नाही. फुगा रात्रभर गार पाण्यात भिजवायचा, आलं आणि पातीचा कांदा घातलेल्या पाण्यात उकळी द्यायची, पाणी टाकायचं, पुन्हा भिजवायचा, असं दोन-तीन दिवस चालतं. मग कोंबडी आणि हॅम तासन्‌तास उकळून काढलेल्या सोनेरी रश्शात तो शिजतो. प्रत्येकाला वेगळी वाटी. खरवसाची वडी ताणता आली आणि तिच्यातली साखर काढून घेतली, तर जी लागेल तशी ती लागते. ओठांना किंचित चिकटते, दातांना मऊ विरोध करते, आणि चव सगळी रश्श्याची. बायका बाळंतपणात खातात, त्वचा चांगली राहते म्हणतात. जुना फुगा नव्यापेक्षा महाग, म्हणून घरात वर्षानुवर्षं जपून ठेवतात, आपल्याकडे जुनं तूप ठेवायचे तसा. हाँगकाँगच्या श्युंगवान भागात सुक्या मासळीची एक आख्खी पेठ आहे. तिथे दुकानांच्या काचेमागे हे फुगे सोनाराच्या दुकानात मांडल्यासारखे दिसतात.

त्या काळात शांघायला स्वतःच्या जेवणाबद्दल जरा जास्तच भान आलेलं होतं. मिशलिनचा तारांकित मार्गदर्शक चीनच्या मुख्य भूमीवर पहिल्यांदा आला तो शांघायला, २०१६ मध्ये. मग क्वांगचौ, २०१९ मध्ये बीजिंग, नंतर छंगतू. शांघायमध्येच एका फ्रेंच माणसाने २०१२ मध्ये ‘अल्ट्राव्हायोलेट’ काढलं: एक टेबल, दहा खुर्च्या, वीस पदार्थ, चारही भिंतींवर पदार्थागणिक बदलणारी चित्रं, आणि पत्ता गुप्त; पाहुण्यांना गाडीतून नेऊन सोडत. पण मला जास्त मोह पडतो तो ‘शिन रोंग जी’च्या गोष्टीचा. १९९५ मध्ये थायचौ जिल्ह्यातल्या लिनहाय गावात, म्हणजे किनाऱ्याकडच्या मुलखात, सुरू झालेली मासळीची खानावळ. तिची बीजिंगमधली शाखा २०१९ मध्ये थेट तीन ताऱ्यांवर पोचली. फ्रेंच काही नाही, सोन्याचा वर्ख नाही. गावाकडचाच मासा, गावाकडचीच पद्धत, फक्त निवड काटेकोर आणि बशी मोठी. आपल्याकडे श्रीवर्धनजवळच्या भरडखोलचं कालवण मुंबईच्या टॉवरमध्ये पन्नासाव्या मजल्यावर जाऊन तीन तारे घेऊन आलं, अशी कल्पना करून पाहा. मला तरी जमत नाही, पण त्यात दोष कालवणाचा नाही.

सरकारी मेजवान्यांचा भर मात्र मी गेलो त्याआधीच ओसरला होता. २०१२ च्या अखेरीस शी चिनपिंग यांनी उधळपट्टीवर आठ नियमांचा बडगा काढला आणि पुढच्या वर्षी सरकारी जेवणावळीतून शार्कचे पर हद्दपार झाले. भारताने २०१५ मध्ये परांची निर्यातच बंद केली. हा व्यापार काही आजचा नव्हता. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून चीनकडे अफू आणि कापूस जात असे, त्याच गलबतांतून ठाणे-कुलाब्याच्या किनाऱ्यावरचे मुशीचे पर आणि माशांचे वाळवलेले फुगेही जात. आपल्या कोळ्यांनी कधी चीन पाहिला नाही, पण चिनी मेजवानीत त्यांचा हात निदान दीडशे वर्षं आहे.

जीवना बंदरावर हे सगळं मला त्या मावशीच्या एका वाक्यात परत मिळालं. तुकड्या पिशवीत, पिशवी बर्फात, बर्फ डिकीत. गाडी सुरू केली. आईने काच खाली केली नाही.

श्रीवर्धनहून हरिहरेश्वर अठरा-एकोणीस किलोमीटर. मुंबईहून येणारे महामार्गावर माणगावला उजवीकडे वळतात आणि म्हसळ्यावरून येतात. पुणेकर ताम्हिणी उतरून माणगावलाच मिळतात. रेल्वेने यायचं तर स्टेशनही माणगावच. श्रीवर्धन हे पेशव्यांचं मूळ गाव, भट घराणं इथलं देशमुख, आणि हरिहरेश्वर त्यांचं कुलदैवत. रस्त्याच्या दोन्ही अंगांना सुपारीच्या वाड्या. श्रीवर्धनी रोठा नावाची ही सुपारी एकेकाळी इथलं सोनं होतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर धडकलं आणि पिढ्यान्‌पिढ्यांची झाडं काही तासांत आडवी झाली. सुपारी लावल्यावर फळ धरायला पाच-सात वर्षं जातात. म्हणून अजून कित्येक वाड्यांत उंच झाडांच्या जागी डोक्याएवढी रोपं दिसतात आणि घरांच्या मागचा समुद्र, जो पूर्वी फक्त ऐकू यायचा, तो आता दिसतो.

हरिहरेश्वरच्या खानावळीत मी सकाळीच फोन करून ठेवला होता. इथे हा रिवाज पाळावा लागतो. ऐन वेळी जाऊन बसलात तर मिळेल ते खायचं.

“किती पानं?” काकूंनी विचारलं होतं.

“दोन.”

“मोदक सांगायचेत का? आत्ताच सांगा. नारळ खवायला बसलेय.”

“अकरा.”

“दोन पानांना अकरा?” एक क्षण शांतता. “बरं. देवळात आधी काळभैरवाचं दर्शन घ्या, मग हरिहरेश्वर, मग परत काळभैरव. प्रदक्षिणेला जाणार असाल तर ओहोटी बघून जा. साडेपाचच्या आत वर या. पाणी चढायला लागलं की खाली थांबायचं नाही. सात वाजता पान वाढते.”

आमच्या सुट्टीचं वेळापत्रक समुद्र आणि काकू या दोघांनी मिळून ठरवलं, आणि दोघांनाही बदल विचारायची सोय नव्हती.

देऊळ चार टेकड्यांच्या कुशीत आहे. ब्रह्माद्री, पुष्पाद्री, हर्षिनाचल आणि हरिहर अशी त्यांची नावं. प्रदक्षिणेची वाट देवळामागून चढते, मग डोंगराच्या कपारीतून पायऱ्यांनी थेट समुद्राच्या पायाशी उतरते. तिथे लाटांनी आणि खाऱ्या वाऱ्याने खडकाला मधाच्या पोळ्यासारखी छिद्रंच छिद्रं पाडली आहेत. आई पंचाहत्तरीची, ती पायऱ्यांच्या तोंडाशी बसली आणि मी एकटा उतरलो. खडक कोरडा दिसतो, पण शेवाळ असतं. बेसावध माणसं इथून लाटेने ओढून नेलेली आहेत, त्याचे फलक लावलेले आहेत, आणि त्या फलकाला पाठ लावून एक तरुण जोडपं फोटो काढत होतं. मी त्यांना वेळ सांगितली. त्यांनी माझ्याकडे रखवालदाराकडे बघावं तसं बघितलं. पाच वीसला मी वर आलो.

सात वाजता पान वाढलं गेलं. ओटीवर चटया, समोर पाट, पाटावर स्टीलचं ताट. केळीचं पान वादळानंतर फक्त सणाला, काकू म्हणाल्या. मीठ, लिंबू, डावीकडे ओल्या खोबऱ्याची चटणी, काकडीची कोशिंबीर. उजवीकडे वालाचं बिरडं आणि अळूचं फदफदं, त्यात भुईमुगाचे दाणे आणि आंबटपणा नेमका. मधे भाताची मूद, वरण, आणि वरून तुपाची धार, ती थांबवायला हात आडवा घातला तरी थांबत नाही अशी. काकू वाढतात तेव्हा विचारत नाहीत. ताटात जागा दिसली की ती रिकामी राहिली नाही पाहिजे, एवढंच बघतात. शांघायच्या त्या खोलीतही माझी बशी क्षणभर रिकामी राहिली नव्हती, तिथे यजमान स्वतःच्या काड्यांनी घास उचलून माझ्या बशीत ठेवत होता. बीजिंगमध्ये लामांच्या योंगहगोंग मंदिराजवळ एक पूर्ण शाकाहारी उपाहारगृह आहे, त्यालाही २०२० मध्ये तीन तारे मिळाले. मी तिथे गेलेलो नाही. पण देवळाच्या सावलीत शाकाहारी पान ही कल्पना तिकडच्या लोकांनाही भरपूर पैसे मोजण्याइतकी आवडते, हे वाचल्यावर मला काकूंची ओटी आठवली होती.

मग मोदक. मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो, कारण हे बघायचंच होतं. उकड परातीत, गरम. काकू पाण्याचा आणि तेलाचा हात लावून ती मळत होत्या. तळहाताचा मागचा भाग लाल झालेला. लिंबाएवढा गोळा, दोन्ही अंगठे मधे, बाकीची बोटं बाहेरून, आणि गोळा फिरवत फिरवत त्याची वाटी झाली, कडेला पातळ आणि बुडाला जरा जाड. त्यात गूळ-खोबऱ्याचं सारण. मग कळ्या. दोन बोटांच्या चिमटीत एक, मग तिच्या शेजारी दुसरी. मी मोजल्या, एकवीस. शेवटी सगळ्या कळ्या एकत्र येतात, मुठीत मोदक फिरतो, आणि वर टोक निघतं. हळदीच्या पानावर ठेवून मोदकपात्रात.

शांघायला श्याओलोंगपाव नावाचे रस्सा भरलेले वाफाळ मोमोसारखे पदार्थ मिळतात. त्यांच्या चुण्यांची गंमत अशीच आहे. तैवानच्या ‘दिन ताई फंग’ने तर प्रत्येकाला अठरा चुण्या, असा दंडकच घातला आणि त्यावर जगभर शाखा काढल्या. काचेच्या भिंतीमागे पांढऱ्या टोप्या घातलेली मुलं वजनकाट्यावर गोळे तोलत असतात आणि लोक फोटो काढतात. मी हे काकूंना सांगितलं.

“अठराच?” त्या म्हणाल्या.

मोदकाचं टोक फोडून त्यात तूप ओतायचं, हे आईने मला नव्याने शिकवलं, जसं दरवेळी शिकवते. तिने चार खाल्ले. मी पाच. दोन उरले ते रात्री साडेदहाला संपले. बिल हिशेबाच्या वहीत पेन्सिलने केलेली बेरीज होती. दोघांचं मिळून हजाराच्या आत. पैसे द्यायचा क्यूआर कोड फणसाच्या लाकडाच्या खांबावर डकवलेला. त्या बाबतीत मात्र शांघाय आणि हरिहरेश्वर तंतोतंत सारखी आहेत. दोन्हीकडे सुटे पैसे कोणाकडेही नसतात.

घोळ दुसऱ्या दिवसासाठी होती. किनाऱ्यालगतच्या एका मासळीच्या खानावळीत विचारलं तर ते म्हणाले, आणा, बनवून देतो, भाकऱ्या आमच्या. आईने शाकाहारी काकूंकडेच आंबोळ्या सांगितल्या आणि मला जाताना एवढंच म्हणाली, आंघोळ करून ये.

तिथल्या ताईने तुकड्यांना आधी हळद-मीठ चोळून ठेवलं. मग आलं, लसूण, कोथिंबीर यांचं वाटण, तिखट, आमसुलाचं आगळ. वरून तांदळाचं पीठ, फार नाही. लोखंडी तवा, तेल बेताचं, आणि आच कमी. घोळीची तुकडी जाड. घाई केली तर बाहेरून करपते आणि आत कच्ची राहते. तिने तुकडी तव्यावर ठेवली आणि पाठ फिरवून भाकरी थापायला बसली. पंधरा मिनिटं तिकडे बघितलंही नाही. मग उलथनं घालून एकदा उलटली. इथे मासा उलटतात, मी मनाशी म्हटलं, होड्या शाबूत असतात.

तुकडी ताटात आली. वरचा थर कुरकुरीत, बोटाने दाबल्यावर आतलं मांस मोठाल्या पाकळ्यांनी सुटलं. पांढरं, ओलसर, किंचित गोड. काटे जवळजवळ नाहीत, मधला मणका तेवढा. सुरमईचा उग्रपणा नाही, पापलेटाचा नाजूकपणा नाही; भरीव, शांत चव. सोबत तांदळाची भाकरी आणि सोलकढी. शेजारच्या टेबलावर कॉलेजच्या मुलांनी शेजवान राइस आणि मंचुरियन मागवलं होतं. नेल्सन वांग यांनी १९७५ मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लबात चिकन मंचुरियन जन्माला घातलं, चीनमध्ये त्याचं नावही कोणाला ठाऊक नाही. तिकडून इकडे आलं ते चीनने कधी बनवलंच नव्हतं, आणि इकडून तिकडे गेलं ते आपण कधी खात नाही. त्या देवघेवीत मला माझ्या ताटातली तुकडी पुरेशी वाटली. चव सगळी इथेच राहिली होती. गेलं ते बिनचवीचं.

ताईला मी विचारलं, बोत तुम्ही कधी खाल्लाय का.

“बोत?” ती हसली. “तो खायचा नसतो. लहानपणी आजी छोट्या ढोम्यांचा तव्यावर भाजून द्यायची, चिवट लागायचा. आता ढोम्याचाही विकतात.”

त्याला कारण आहे. चिनी समुद्रातला बाहाबा नावाचा या कुळातला महाकाय मासा फुग्यापायी जवळपास संपला, मग मागणी मेक्सिकोकडे वळली. कॅलिफोर्नियाच्या आखातात तोतोआबा नावाचा मासा आहे, त्याच्या मासेमारीला १९७५ पासून बंदी आहे, तरी चोरटी जाळी लागतातच. त्या जाळ्यांत अडकून व्हाकिता नावाचं छोटंसं शिशुक मरतं. जगात ती आता दहाएक उरली असतील. फुगा एका टेबलावर जातो आणि दुसऱ्याच समुद्रातलं भलतंच जनावर संपतं. आपल्या घोळीलाही आता धोक्याच्या उंबरठ्यावरच्या माशांत धरतात. जून-जुलैची बंदी कोळी बहुतेक पाळतात. पण बोताचा भाव ऐकला की जाळं कुठवर जाईल, हे कोण सांगणार.

निघायच्या दिवशी बाणकोटला जायचा विचार होता. हरिहरेश्वरजवळच्या बागमांडल्याहून सावित्रीच्या मुखावर फेरीबोट आहे, गाडीसकट वेशवीला उतरवते; पलीकडे रत्नागिरी जिल्हा. पण आईला बोट नको होती. म्हणून परत श्रीवर्धनवरून. आणि या वेळी तीच म्हणाली, “थांब जरा, ती तुझी बाई कुठे बसते बघू.” नाकाला पदर लावून उतरली.

मावशी नव्हती. धक्क्याच्या पलीकडे, घरांच्या मागे, वलांड्यांवर बोंबील वाळत होते, शेकड्यांनी, जबड्यात जबडा अडकवलेले. एका घराच्या भिंतीला, उन्हाच्या बाजूला, एकच खिळा आणि त्याला टांगलेला पिवळसर, लांबट, किंचित गुंडाळलेला तुकडा. बाजूला सात-आठ वर्षांचा मुलगा पाटीवर बसून वर्तमानपत्राच्या घडीने माश्या हाकत होता. बोंबिलांकडे त्याचं लक्ष नव्हतं.

“हे काय रे?” आईने विचारलं.

“बोत.”

“केवढ्याला?”

मुलाने तिच्याकडे वर बघितलं, मग घराच्या दाराकडे.

“तो विकायचा नाय आजी,” तो म्हणाला. “गेलाय तो.” आणि त्याने घडी पुन्हा फिरवली.